काठ वाकडा की लेन्स?

जुनी लेन्स हातात आली की मी आधी ती कानाशी धरून हलवायचे. समोरचं गिऱ्हाईक हमखास हसायचं. एकाने तर विचारलं होतं, "म्याडम, नारळ घेऊन राहिल्या का?" मी म्हटलं, तसंच समजा. नारळात पाणी वाजलं तर चांगलं, लेन्समध्ये काहीही वाजलं तर वाईट. आत एखादा स्क्रू सुटलेला असतो, किंवा काच आपल्या जागेवरून हललेली असते. मग मागून बॅटरी मारून आत पाहायचं. बुरशी असली तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसतात. मग झूमची कडी फिरवायची. ती सगळीकडे सारखी फिरली पाहिजे. मध्येच अडली तर लेन्स कधीतरी पडली आहे, मालक कितीही नाही म्हणो.

धरमपेठेतल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात, जुन्या मालाच्या काउंटरवर, माझी सारी नोकरी झाली. तिथे मला ठेवलं होतं बिलं लिहायला. पण मी भौतिकशास्त्र शिकलेली आहे हे मालक प्रभाकरभाऊंना कळलं आणि त्यांनी एक दिवस एक लेन्स माझ्यापुढे ठेवली. "पिंपळकर म्याडम, पुस्तकात वाचलं असेल ना? सांगा हिला काय झालं." पुस्तकात त्यातलं काहीही नव्हतं. पण मी ती उलटसुलट करत बसले, आणि बिलं लिहायला त्यांनी दुसरं माणूस शोधलं.

माझ्याकडे सगळ्यात जास्त यायची ती स्वस्तातली साधी झूम. नवीन कॅमेऱ्यासोबत खोक्यातच मिळते ती. बाजारात तिला किट लेन्स म्हणतात, आणि म्हणताना लोकांचं तोंड जरा वाकडं होतं. बहुतेक प्लास्टिकची, हातात घेतली तर वजन जाणवत नाही. एका टोकाला फिरवली की अख्खी खोली फोटोत मावते, दुसऱ्या टोकाला फिरवली की एक चेहरा. बास, एवढंच तिचं काम. पण नागपुरात गेल्या कित्येक वर्षांत जितकी बारशी, साखरपुडे, घरभरण्या झाल्या, त्यातले निम्मे फोटो ह्या बिचारीनेच काढले असतील. तरी तिला मान नाही. घरची पोळी कोण वाखाणतं?

आणि तिच्याकडून लोकांच्या अपेक्षा तरी काय! जंगल सफारीला जाऊन आलेले एक गृहस्थ तक्रार घेऊन आले. "म्याडम, तुमच्या लेन्समध्ये वाघ येतच नाही." फोटो पाहिला. झाडं, गवत, आभाळ, सगळं झकास. मी विचारलं, "वाघ कुठे आहे?" त्यांनी खिशातून पेन काढून छापलेल्या फोटोवर एक गोल केला. गोलाच्या आत पिवळसर ठिपका होता. मी म्हटलं, काका, ह्या लेन्सने वाघ मोठा पाहिजे असेल तर वाघाजवळ जावं लागेल. ते स्वतःच इतके हसले की चहा मागवावा लागला. दुसरे एक काका बुरशी लागू नये म्हणून लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवायचे. बुरशी लागली नाही, पण झूमच्या कडीतून कणी निघाली.

असे बरेच आले. पण मला लिहायचंय ते उमरेडच्या सासऱ्या-सुनेबद्दल.

उन्हाळा नुकताच लागला होता. अकराच्या सुमाराला एक तिशीतली बाई दुकानात आली, खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी, हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी. मागून एक म्हातारे गृहस्थ, पांढरं धोतर, डोक्यावर टोपी. ते आत आले आणि कोणी म्हणायच्या आधीच कोपऱ्यातल्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसले.

"हे माझे मामाजी, मारोतराव," सून म्हणाली. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. "मी शुभांगी. उमरेडहून आलो. आमचा हातमाग आहे. मामाजी करवतकाठी विणतात."

करवतकाठी म्हणजे टसर रेशमाची साडी. तिच्या काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते, आणि ती छापत नाहीत, धोट्याने विणतात. एकेक दात हाताने येतो. असं विणणारी माणसं उमरेडकडे आता फार उरली नाहीत.

शुभांगीने एक जुना कॅमेरा घेतला होता, त्याच्यासोबतची साधी झूम त्यावर होती. ती साड्यांचे फोटो काढायची आणि फोनवरून बाहेरगावच्या दुकानांना पाठवायची. चांगलं चाललं होतं. मग पुण्याच्या एका मोठ्या दुकानाला तिने सासऱ्यांची नवी साडी पाठवली. म्हणजे फोटो पाठवला. उत्तर आलं की काठ सरळ नाही, आणि एका बाजूचं विणकाम विरळ दिसतं, आम्हाला नको.

"गावातले स्टुडिओवाले म्हणाले, लेन्स हलकी आहे, महागाची घ्या," ती म्हणाली. "तशी तयारी करून आली मी. पण आधी मले हे पाहिजे की कोणीतरी मामाजीले सांगावं."

"काय सांगावं?"

तिने आवाज खाली केला. "त्यांनी माग बंद केला, म्याडम. तो फोटो मोठा करून पाहिला, आणि मागावरून उठले ते उठलेच. मी किती सांगितलं, ऐकूनच नाही राहिले."

आवाज खाली केला तरी दुकान केवढं! मारोतराव भिंतीकडे पाहतच बोलले. "काय ऐकू वं? फोटू काय माह्या दुश्मन हाय का? जे हाय ते दाखवते. डोये गेले माये. जेव्हा जायचे तेव्हा गेले, त्यात का रडाचं."

"पण मामाजी, हातानं तर सरळ लागतो ना काठ?"

"हाताले सवय झाली असन. वाकड्याची बी सवय होते हाताले."

हे वाक्य त्यांनी अगदी शांतपणे म्हटलं. मी शुभांगीच्या फोनमधला फोटो पाहिला. साडी दांडीवर आडवी पसरलेली. वरचा काठ मध्ये फुगून वर आलेला, खालचा काठ फुगून खाली गेलेला, टम्म होत आलेल्या पोळीसारखा. डावीकडचा एकेक दात मोजता यावा असा, उजवीकडचे दात धुरकट, जणू तिथे सूत ढिलं पडलंय. पुण्याच्या दुकानाला दोष देता येईना. मीही तो फोटो पाहून साडी घेतली नसती.

मग मी तिने आणलेलं कापड सोडलं, आत तीच साडी होती. मधाच्या रंगाची टसर, मरून काठ. मला तर काठ सरळ दिसला, आणि तसं मी म्हटलं.

"तुमी दुकानदार, बाई," मारोतराव म्हणाले. "गोडच बोलान."

ते रागावून बोलले नव्हते, पण मला ते लागलं. गोड बोलण्यासाठी माझी कधीच ख्याती नव्हती. मी त्यांचा कॅमेरा उचलला. प्रभाकरभाऊ गल्ल्यावरून पाहत होते. महागाची लेन्स घ्यायची तयारी करून आलेलं गिऱ्हाईक आणि मी जुनीच तपासायला घेते आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि चहा सांगितला. तो सुस्कारा मला चांगला ओळखीचा होता. त्याचा अर्थ, करा तुम्हाला काय करायचं ते.

लेन्स कानाशी धरली. काही वाजलं नाही. बॅटरी मारली, काच स्वच्छ. झूमची कडी मात्र मध्ये एका जागी किंचित अडत होती.

आमच्या दुकानाच्या बाजूला जिन्याखालून एक बोळ जातो. त्याच्या टोकाच्या भिंतीला पांढऱ्या चौकोनी टाइल्स लावलेल्या आहेत. दिसायला अगदी हॉटेलच्या मोरीसारख्या, पण लेन्स तपासायला अशी भिंत सोन्यासारखी. मी मारोतरावांना म्हटलं, "काका, जरा बाहेर येता का? मला तुमची मदत लागेल."

मदत म्हटल्यावर ते उठले. मी झूम सगळ्यात मोकळ्या टोकाला, म्हणजे अख्खी खोली मावते त्या टोकाला लावली, त्यांना भिंतीच्या जवळ उभं केलं आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला. "ह्या भोकातून पाहा. कडेच्या टाइल्सची रेघ पाहा."

त्यांनी टोपी मागे सारली, डोळा लावला. मग कॅमेरा खाली केला, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा डोळा लावला.

"ही भिंत कोणं बांधली?"

"का हो?"

"वाकडी हाय."

ते भिंतीजवळ गेले. दोन टाइल्सच्या मधल्या फटीवर अंगठा ठेवला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत नेला. परत आणला. मग माझ्याकडे पाहिलं. "भिंत तं सिधी हाय."

"हो."

"मंग यात काहून वाकडी दिसून राहिली?"

मी सांगितलं. लहानशा लेन्सला एवढं मोठं दृश्य आत ओढून घ्यायचं असतं, तेव्हा ती कडेच्या सरळ रेघा थोड्या वाकवते. स्वस्त लेन्स जास्त वाकवते, महागडी कमी. एखादं झाड, माणूस, गाय असली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पण समोर सरळ रेघ असली की चोरी पकडली जाते. आणि तुमच्या काठाइतकी सरळ रेघ तिच्यासमोर क्वचितच येते.

मग मी झूम मधोमध आणली आणि त्यांना धरून बोळाच्या दुसऱ्या टोकापर्यंत मागे नेलं. "आता पाहा."

त्यांनी पाहिलं. टाइल्स लष्करातल्या शिपायांसारख्या ताठ उभ्या होत्या. ते स्वतःच कडी फिरवून पाहू लागले, पुढे आले, मागे गेले. वाकडी, सरळ, वाकडी, सरळ. बोळातून जिन्याकडे निघालेल्या एका बाईला त्यांनी हाताने थांबवलं, "जरा थांबा माय, मी भिंत पाहून राहिलो." ती बिचारी थांबली.

"मी घरात जागा नाही म्हणून जवळूनच काढते," शुभांगी म्हणाली. "खोली लहान आहे ना."

"अंगणात काढ. सावलीत. मागे जा आणि झूम मध्ये आण," मी म्हटलं. "अर्धं काम झालं."

पण मारोतराव मानणारे नव्हते. "काठाचं समजलं. इरळ दिसते ते? एकाच बाजूनं दिसते. ते बी भिंगानंच केलं का?"

प्रश्न बिनतोड होता. झूमची कडी अडली तेव्हापासून मला तोच संशय होता. दुकानात आलो. भिंतीवर वर्तमानपत्राचं एक पान चारही बाजूंनी ताणून चिकटवलं, कॅमेरा तिवईवर लावला, अगदी पानाच्या समोर, आणि फोटो काढला. मोठा करून संगणकाच्या पडद्यावर दाखवला. डावीकडची बातमी वाचता येत होती, उजवीकडची नुसती राखाडी.

"पाहा, काका. उजवीकडे धूसर आहे. आता दोन गोष्टी असू शकतात. एक तर माझं पान तिकडून वाकलेलं असेल. नाहीतर लेन्सच्या आतली काच एका बाजूला कलली असेल. कसं ओळखायचं?"

मी कॅमेरा तिवईवरून काढला, उलटा केला, खालची बाजू वर, तसाच तिवईवर टेकवून धरला, आणि फोटो काढला. आता पानाची उजवी बाजू स्वच्छ होती आणि डावी धूसर.

मी समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. "फणी!"

"काय?"

"मागाची फणी असते ना बाई, कंगव्यावानी. ताण्याचं, म्हंजे उभं सूत तिच्यातून येते. तिची एखादी काडी वाकली, का कापडात त्याच जागी रेघ पडते. सूत बदला, रंग बदला, रेघ तिथंच. मंग समजाचं, दोष फणीत हाय, सुतात नाही." त्यांनी बोट कॅमेऱ्याकडे केलं. "तुमी याले उलटा केला तं दोष त्याच्यासंगं फिरला. कागद तं जागीच होता."

इतकी वर्षं मी लोकांना हे समजावत आले. भौतिकशास्त्राच्या शब्दांत सांगितलं, चित्र काढून सांगितलं. फणीइतकं सोपं मला कधीच सुचलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी टाळीच दिली त्यांना. त्यांनी जरा बिचकून ती घेतली.

लेन्स कधीतरी पडलेली होती, शुभांगीच्या हाती येण्याआधीच. अशी कललेली काच पुन्हा बसवायची तर कारखान्यातच जावं लागतं, आणि एवढ्या साध्या लेन्ससाठी कोणी ते करत नाही. माझ्या कपाटात मात्र अगदी तशाच, त्याच नावाच्या जुन्या लेन्स होत्या. मी त्यातल्या तीन काढून काउंटरवर मांडल्या.

"ह्या सारख्याच ना?" शुभांगीने विचारलं.

"एका आईची तीन पोरं सारखी असतात का?" मी म्हटलं. "पाहू या, कोणाचा स्वभाव कसा आहे."

आता पान कशाला, साडीच होती की. प्रभाकरभाऊंनी फोटोमागे लावायच्या कापडाची दांडी आणली आणि दुकानापुढच्या व्हरांड्यात, सावलीत, साडी आडवी पसरली. एक टोक त्यांनी स्वतः धरलं. गल्ल्यावर कोणी नव्हतं, त्याचीही त्यांना फिकीर नव्हती. मारोतराव साडी कशी ताणायची ते सांगत होते, "खेचू नका भाऊ, नुसती धरा, कापड हाय ते, दोरखंड नाही." मी तिवई रस्त्याच्या कडेपर्यंत मागे नेली, झूम मधोमध, लेन्सच्या आतली पाकळ्यांची खिडकी थोडी बारीक केली, म्हणजे कडाही स्वच्छ येतात. पहिली लेन्स, दुसरी, तिसरी.

धरमपेठेत भर दुपारी भररस्त्यात साडी टांगली आणि तिचे फोटो काढायला लागलात, तर पुढे काय होतं ते सांगायला नको. स्कूटर थांबल्या. शेजारच्या दुकानातून बाया बाहेर आल्या. सेल आहे का, असं एकीने विचारलं. प्रभाकरभाऊ गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "तपासणी सुरू आहे."

पहिली लेन्स बरी होती, कोपरे जरा मऊ. दुसरीने रंग चांगला दिला, पण वरची कडा हरवली. तिसरीचा फोटो झाल्यावर साडी उतरवून सगळे आत आलो, फोटो पडद्यावर मोठा केला, आणि मी खुर्चीतून उठून मारोतरावांना बसायला जागा दिली.

काठ पडद्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणल्यासारखा गेला होता. प्रत्येक दाताचं टोक टोकदार. टसरच्या सुताची ती जाडबारीक वीण, जी नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाही, तीसुद्धा दिसत होती. मारोतरावांनी बोट पुढे केलं आणि पडद्यावर काठाच्या बाजूने फिरवलं. मघाशी भिंतीवर फिरवलं होतं तसंच, हळू, न उचलता. बोट शेवटाला पोचलं तरी ते तिथेच ठेवून बसले. शुभांगीने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

"जमलं हाय," ते शेवटी म्हणाले. कोणाला म्हणाले, ते ठाऊक नाही.

स्वस्तातली साधी झूम होती ती. कपाटात धूळ खात पडलेली, सगळ्यांनी टाकून दिलेली. माझ्या काउंटरवरून कितीतरी भारी लेन्स गेल्या, ज्यांच्यासाठी लोक जीव टाकतात. त्यांतल्या एकीनेही मला एवढं सुख दिलं नाही. आता तो काउंटरही राहिला नाही. फोनच आपोआप रेघा सरळ करतो, आणि प्रभाकरभाऊंचा मुलगा तिथे फोनची कव्हरं विकतो. लोकांना आयतं सरळ मिळतं हे चांगलंच आहे. पण मुळात वाकडं काय होतं, हे आता कोणी विचारत नाही, याचं थोडं वाईट वाटतं.

तर, आम्ही लेन्सची अदलाबदल करत होतो, तेवढ्यात व्हरांड्यातल्या बायांपैकी एक आत आली. शाळेत शिकवणारी असावी, खांद्याला पिशवी, वह्या डोकावत होत्या. ती म्हणाली, "ही साडी मला पाहिजे. केवढ्याला?"

शुभांगी खुलली. पण मारोतरावांनी साडी घडी करून मांडीवर ओढली. "हे नाही देत."

"अहो, का पण?"

"हे कापड बदनाम झालं, बाई. खोटं असो का खरं, याच्यावर बोट ठेवलं कोणी. असं कापड मी लोकाच्या अंगावर नाही देत. हे सूनबाई नेसन." शुभांगीचे डोळे मोठे झाले. ते आपल्याच नादात पुढे बोलत होते. "तुमाले मी दुसरं विणून देतो. रंग कोणचा पाहिजे?"

प्रभाकरभाऊंनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. त्या बाईंना त्यात काही विशेष वाटायचं कारण नव्हतं, त्या आपल्या विचार करत म्हणाल्या, "हिरवा चालेल. मेंदीसारखा. काठ हाच."

"काठ हाच," मारोतराव म्हणाले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते सुनेकडे वळले. "ताण्याले सूत कुठं हाय पण आपल्याजवळ? मी तं काही आणून नाही ठेवलं."

"आहे, मामाजी," शुभांगी म्हणाली.

"कुठून आलं?"

"मागच्याच आठवड्यात आणलं मी. पेटीत ठेवलं आहे."

"माग तं बंद होता."

"हो."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. प्रभाकरभाऊ उगाच गल्ल्यातली नाणी सारखी करू लागले. मी लेन्सचं झाकण लावलेलं होतं ते काढून पुन्हा लावलं.

मग मारोतरावांनी टोपी नीट केली, साडी काखेत धरली आणि खुर्चीतून उठले.

"मंग चाल ना वं," ते म्हणाले. "उभी काहून राहिली?"